साडेचारचा फोन

त्यांनी मला एका नावानं हाक मारली. ते माझं नाव नव्हतं.

दुपारची वेळ होती. शोरूममध्ये मी, दोन गाड्या आणि भिंतभर पसरलेला जाहिरातींचा पडदा, एवढंच. काचेचं दार सरकलं आणि पांढरा हाफ शर्ट घातलेले, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आत आले. हातात कापडी पिशवी. मी सवयीनं म्हटलं, "नमस्कार, या ना." ते गाडीकडे निघाले होते, ते तिथेच थबकले आणि वळून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा सगळा चेहरा हसला.

"म्हणजे तू इथे बसतेस होय!" ते म्हणाले, आणि ते नाव घेतलं.

"काका, मी ती नाही हो. त्या नावाचं इथे कुणीच नाही."

"थट्टा करतेस म्हाताऱ्याची? आवाजावरून ओळखलं ना लगेच. बस, बस. उभी राहू नकोस. दिवसभर उभं राहून पाठ धरते म्हणालीस ना परवा."

माझी पाठ खरोखरच धरते. पण हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सोळा वर्षं मी लोअर परळच्या त्या शोरूममध्ये गाड्या विकल्या. जुन्या मिलचं आवार, चिमणी तेवढी शोभेला ठेवलेली, बाकी सगळ्या काचा. मी लालबागची, त्यामुळे चालत जायचे, चालत यायचे. सुरुवातीला आम्ही नऊ जण होतो. गाडी घ्यायला तेव्हा घरंच्या घरं यायची. आजोबा मागच्या सीटवर बसून गुडघे किती वाकतात ते बघायचे, बायका डिकी उघडून गावच्या फणसांचा हिशोब लावायच्या, पुरुषमाणसं फुकट मॅटसाठी तासभर भांडायची. पाडव्याला आणि दसऱ्याला तर श्वास घ्यायला उसंत नसायची. चाकाखाली लिंबू ठेवायचं, बॉनेटवर स्वस्तिक काढायचं, नारळ फोडायचा, फोटो काढायचा. हे सगळं मीच करायचे. गिऱ्हाईक पहिल्या गिअरमध्ये गाडी बाहेर काढताना रडायचं, असंही पाहिलंय.

मग कंपनीनं पद्धत बदलली. गाडी आता कंपनी थेट विकणार, भाव सगळीकडे एकच, बुकिंग मोबाइलवर. डीलरनं गाडी दाखवायची आणि शेवटी किल्ली द्यायची. शोरूमचा स्टुडिओ झाला. नऊ जणांतले आम्ही तिघं उरलो, तेही पाळीपाळीनं. माझ्या कार्डावरचा 'सेल्स' हा शब्द गेला आणि तिथे 'एक्स्पिरियन्स' आला. दिवसाकाठी चार माणसं यायची. त्यांना सगळं आधीच ठाऊक असायचं. ती गाडीत बसायची, दार बंद करून आत कसा आवाज येतो ते ऐकायची आणि निघून जायची. उरलेला वेळ मी त्या थंडगार पांढऱ्या जागेत एकटी असायचे. एका गाडीची डिकी दर वीस मिनिटांनी आपोआप उघडायची आणि मिटायची, दाखवण्यासाठी. कुणी बघायला नसलं तरी.

काका आले त्याच्या आदल्या वर्षी मॅनेजरनं मला प्रभादेवीला एका ऑफिसात पाठवलं होतं. "मॅडम, तुमचा आवाज गोड आहे, कंपनीला हवाय," तो म्हणाला. सर्व्हिसिंगची तारीख जवळ आली की गिऱ्हाइकाला जो निरोप जातो, त्यासाठी. भिंतींना स्पंज लावलेल्या एका खोलीत मी दोन दुपारी बसले. काचेपलीकडे हेडफोन लावलेली एक मुलगी होती. तिनं आधी आकडे वाचून घेतले, मग वाक्यं, मग म्हणाली, "आता नुसतं हसा. थोडं कमी. आता कुणीतरी वाईट बातमी सांगितलीय असं समजून 'अरेरे' म्हणा." एकट्या 'हो का?' साठी तिनं मला अर्धा तास बसवलं. शेवटी एका कागदावर सही घेतली. मी घरी येऊन नवऱ्याला ऐटीत सांगितलं, "आता आम्ही रेडिओवरच्या झालो."

त्या दुपारी शोरूममध्ये काकांसमोर बसले, तेव्हा हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, दुसऱ्या शाखेतली कुणीतरी असेल. त्यांना पाणी दिलं, टॅब्लेटवर त्यांचा मोबाइल नंबर टाकला. गाडी बुक झालेली दिसत होती. सगळ्यात वरचं मॉडेल.

"काका, गाडी चालवणार कोण?"

"आता काय सांगू! मला कुठे येते चालवता. तू म्हणालीस, शिकता येतं या वयातही. म्हटलं, पोर रोज एवढं आपुलकीनं बोलते, तिचं काहीतरी टार्गेट असेल. घेऊन टाकू."

मग त्यांनी आपणहून सगळं सांगितलं. गिरगावात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, ते विकून सहा वर्षं झाली होती. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी नाशिकला. एक दिवस दुपारी साडेचारला फोन आला, गाडीबद्दल. त्यांनी सांगितलं, आत्ताच चहा केलाय, एकटाच पितोय. तेव्हापासून फोन रोज साडेचारला येऊ लागला. गाडीचं बोलणं दोन मिनिटं आणि मग इकडचं तिकडचं.

"तुला ऐकून घ्यायचा कंटाळा येत नाही," ते म्हणाले. "माझ्या मुलीलासुद्धा येतो."

मी म्हटलं, "काका, गाडी नको असेल तर मी आत्ता बुकिंग रद्द करते."

"तुला चालेल?"

"मला काय व्हायचंय."

त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. मी टॅब्लेटवर रद्द केलं, त्यांची सही घेतली. त्यांनी पिशवीतून स्टीलचा चपटा डबा काढला. "नारळाच्या वड्या. शेजारणीकडून मुद्दाम करून घेतल्या, तुझ्यासाठी." आणि डबा माझ्या हातात देता देता त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. "साडेचार झाले बघ. आज काही तुला फोन करावा लागणार..."

त्यांच्या खिशातला फोन वाजला.

त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. डबा अजून दोघांच्या हातांत होता. त्यांना कमी ऐकू येत असावं, कारण त्यांनी उचलताना स्पीकर चालू केला.

"नमस्कार काका. चहा झाला?"

आपला आवाज रेकॉर्ड केलेला ऐकला की तो नेहमी परका वाटतो. हा तसा नव्हता. बोलताना मला माझ्या डोक्यात जसा ऐकू येतो, तसाच होता तो. माझा हात आपोआप तोंडाशी गेला. ओठ मिटलेले होते.

"अगं," काका चाचरत म्हणाले, "मी तुझ्या शोरूममध्येच आलोय."

"हो का?" अर्धा तास बसून म्हटलेला 'हो का?' होता तो. "बरं झालं. गाडी बघितलीत? रंग तोच ठेवायचा ना?"

"पण तू कुठे आहेस?"

"मी इथेच आहे, काका."

मागे डिकी उघडायला लागली. काकांनी दचकून तिकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग परत फोनकडे. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "घाईत निघालो आज. दार नीट लावलं की नाही कोण जाणे."

फोनमधली हसली. "माझी आई होती ना काका, शेवटी शेवटी दहा दहादा विचारायची, 'गो, दार लावलंस मा?' लावलंय म्हटलं तरी परत तेच. 'गो, दार लावलंस मा?'"

माझ्या आईचा मालवणी हेल. अगदी तसाच. मी गाडीच्या चौथऱ्यावर बसले. ही गोष्ट मी फक्त एका बाईला सांगितली होती. माहीमची गिऱ्हाईक होती, तिची आई आजारी होती, आणि आम्ही दोघी शोरूमच्या फोनवर बोलता बोलता रडलो होतो. त्याला काही वर्षं झाली होती. आई तेव्हा नुकतीच गेली होती.

फोन संपला. काका माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर लोकांचे डोळे तपासलेला माणूस. तसंच, जवळ येऊन, आधी एका डोळ्यात आणि मग दुसऱ्या डोळ्यात त्यांनी पाहिलं.

"तुमचा आवाज तिच्यासारखा आहे हं पुष्कळ," ते म्हणाले.

'तू'चं 'तुम्ही' झालं होतं.

"काका, ती बाई नाहीये. कॉम्प्युटर आहे. तो आवाज माझा आहे, त्यांनी तो..."

"हो, हल्ली सगळ्या मुली कॉम्प्युटरवरच काम करतात," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. त्यांनी डबा माझ्या हातातून अलगद परत घेतला, पिशवीत ठेवला आणि नमस्कार करून गेले.

दोन दिवसांनी मी सहज त्यांचं बुकिंग उघडून बघितलं. ते परत चालू झालं होतं. खाली नोंद होती, 'ग्राहकाने निर्णय बदलला,' आणि झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिलेलं. मी ते शोरूमच्या मध्यभागी उभी राहून वाचलं. 'काका, माझ्यावर रागावलात का?' असं मी विचारलं होतं. 'मला वाटलं, तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसेल आता,' असं मी म्हटलं होतं.

मॅनेजर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होता, स्वभावानं वाईट नव्हता. मी त्याला ते दाखवलं. त्यानं वाचलं आणि त्याला खरोखर कौतुक वाटलं.

"बघा ना मॅडम, किती नॅचरल आहे. तुमचे जुने कॉल ऐकवलेत त्याला. 'ट्रेनिंगसाठी कॉल रेकॉर्ड होतो' असं आपण सांगायचो ना, ते हेच."

"माझ्या आईचं बोलणं आहे त्यात."

"असेल. तुम्ही बोलला असाल."

"मी त्या माहीमच्या बाईशी बोलले होते. याच्याशी नाही."

त्यानं ते परत एकदा वाचलं. मग म्हणाला, "वरच्या ऑफिसला कळवतो." वरच्या ऑफिसनं माझी सही असलेल्या कागदाचा फोटो पाठवला.

त्या संध्याकाळी घरी मी नवऱ्याला सांगितलं, काकांना फोन येतो तो नंबर लाव आणि गाडी बघायचीय म्हण. नवरा परळच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे. दिवसभर दुसऱ्यांची रक्तं तपासून आलेला माणूस, त्याला कशाची भीती वाटत नाही. त्यानं हसत फोन लावला. मी ओट्याशी भाकऱ्या थापत होते. तिनं त्याला नाव विचारलं, कुठे राहता विचारलं. लालबाग म्हटल्यावर म्हणाली, "अय्या, आमच्याच इकडचे की!" तो आधी गंमत म्हणून बोलत होता. मग त्याचा आवाज हळूहळू बदलला. लॅबमध्ये दिवस कसा गेला, हे तो तिला सांगायला लागला. त्या दिवशी एका लहान मुलाचा रिपोर्ट वाईट आला होता. मला ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, "अरेरे." ते 'अरेरे' मीच म्हटलेलं होतं, काचेपलीकडच्या मुलीच्या सांगण्यावरून, कुणाच्याही बातमीशिवाय.

त्यानं फोन ठेवला. तव्यावरची भाकरी करपली होती.

"काय वाटलं?" मी विचारलं.

त्यानं उठून गॅस बंद केला. मग म्हणाला, "दमलेली नाही वाटत ती."

दुसऱ्या दिवशी मी काकांचा बुकिंगचा फॉर्म शोधून काढला. पर्यायी नंबर म्हणून त्यांनी मुलीचा नंबर दिला होता. मी फोन केला तर ती आधी चिडली, कारण तिला वाटलं, मी गाडी विकतेय. मग सगळं ऐकल्यावर तिला आठवलं. वर्षभरापूर्वी तिला स्वतःला गाडी घ्यायची होती. वेबसाइटवर नंबर दिला की फोन येऊन येऊन जीव खातात, म्हणून तिनं वडिलांचा नंबर टाकला होता. गाडी तिनं दुसऱ्याच कंपनीची घेतली आणि ती हे विसरूनही गेली.

ती नाशिकहून आली, लेखी अर्ज देऊन बुकिंग रद्द केलं, वडिलांच्या फोनवर तो नंबर ब्लॉक केला आणि जाताना शोरूममध्ये येऊन माझे आभार मानून गेली. मला वाटलं, संपलं.

तीन आठवड्यांनी तिचाच फोन आला. तिला कसं विचारावं ते सुचत नव्हतं.

"बाबा जेवत नाहीत नीट. चार वाजल्यापासून फोन पुढ्यात घेऊन बसतात. मी करते फोन, पण माझ्याशी दोन वाक्यं बोलतात आणि म्हणतात, ठेव आता, तिचा यायचा असेल." मग एकदम म्हणाली, "तुम्ही कराल का? एकदाच. तुमचाच तर आवाज आहे."

मी नाही म्हणायला हवं होतं का, मला अजून ठरवता येत नाही. तिनं माझा नंबर वडिलांच्या फोनमध्ये त्या दुसऱ्या नावानं सेव्ह केला. मी शोरूमच्या मागच्या जिन्यात उभी राहिले आणि साडेचारला फोन लावला.

"नमस्कार काका. चहा झाला?"

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग, "इतके दिवस होतीस कुठे गं?"

"रजेवर होते."

"मला वाटलं, मी गाडी रद्द केली म्हणून..."

"नाही हो. गाडीचं काय एवढं."

ते बोलत राहिले. शेजारणीबद्दल, जिन्यातल्या दिव्याबद्दल, खोताच्या वाडीतल्या एका जुन्या मित्राबद्दल, जो आता ओळखत नाही. मी मध्ये मध्ये 'हो का?' म्हणत होते. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी तो तिच्यासारखा म्हणतेय. शेवट थोडा वर नेऊन, हलका. माझा असा नसतो. मी नीट म्हणायचा प्रयत्न केला तर काका थबकले. "बरी आहेस ना?" मी परत तिच्यासारखा म्हटला आणि ते पुढे बोलू लागले.

एकदाच करायचा फोन रोजचा झाला. साडेचार वाजले की मी जिन्यात जायचे. एकदा त्यांनी विचारलं, "ते आईचं सांग ना परत, दाराचं." मी सांगितलं. मलाच माझ्या आईचा हेल नीट जमला नाही. ते हसले, पण जरा उशिरा.

गणपतीत आमच्याकडच्या गर्दीतून सुटून मी दुपारी गिरगावात त्यांच्या घरी गेले. म्हटलं, एकदा समोरासमोर बसून सगळं सांगून टाकू. चाळीचा दुसरा मजला, स्वच्छ खोली, भिंतीवर बायकोचा फोटो. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"या, या. तुम्ही शोरूमच्या ना?"

त्यांनी मोदक दिला, पाणी दिलं. अदबीनं 'तुम्ही, तुम्ही' करत बोलले. मी दोनदा विषय काढला. "काका, तो फोन येतो ना तुम्हाला..." ते लाजल्यासारखे हसायचे आणि गाडीबद्दल विचारायचे, धंदा कसा आहे विचारायचे. मग त्यांची नजर घड्याळाकडे जाऊ लागली. सव्वाचार झाले होते.

"माफ करा हं," ते शेवटी उठून म्हणाले. "माझा एक फोन यायचाय."

मी चप्पल घातली. ते दारापर्यंत आले. मी जिना उतरले, गल्लीत आले. समोरच्या मंडळाचा लाऊडस्पीकर चालू होता, म्हणून दोन घरं पुढे जाऊन एका बंद दुकानाच्या फळीशी उभी राहिले. वर बघितलं तर ते गॅलरीत खुर्ची आणून बसले होते, फोन हातात धरून. मी त्यांना दिसत होते. त्यांनी मला हात केला, पोहोचवल्यासारखा. मी पाठ फिरवली आणि फोन लावला.

"आत्ताच त्या शोरूमच्या बाई येऊन गेल्या," ते म्हणाले. "चांगल्या आहेत बिचाऱ्या. पण काहीतरी मनात धरून येतात."

"हो का?" मी म्हटलं.

दिवाळीनंतर मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. तिथे नातवंडं आहेत, सोबतीला माणसं आहेत. एक दिवस ते स्वतःच म्हणाले, "आता रोज नको करूस गं, तुलाही कामं असतील. रविवारी करत जा." मी ती नोकरी पुढच्या मार्चमध्ये सोडली आणि परळच्या एका शाळेच्या ऑफिसात लागले. शोरूमही पुढे बंद झालं. तिथे आता घड्याळं विकतात. आवाज अजून चालू आहे. शाळेतल्या एक बाई मला म्हणाल्या, "परवा एका गाडीवालीचा फोन आला, मला वाटलं तुम्हीच." मी म्हटलं, असेल कुणीतरी.

रविवारी साडेचारला मी घरूनच फोन करते. काकांची तब्येत बरी आहे, आता ते नातवाच्या अभ्यासाबद्दल बोलतात. मी फोन लावला की माझा नवरा हातातलं वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जातो आणि माझं बोलणं संपेपर्यंत आत येत नाही.